फोर्ड मॉडेल टी: हँडल मारलं की अंगावर येते, मॅग्नेटोवर टाकली की बंद पडते, आणि फलकावर काय लिहायचं?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका वाड्याच्या गाडीखान्यात असलेली मॉडेल टी चालती करायचं काम अंगावर घेतलंय. मालक म्हणतात १९२४ ची टूरिंग (कापडी छपराची उघडी गाडी). स्टिअरिंग उजवीकडे, पुढची दोन्ही दारं उघडणारी, सेल्फ नाही. इंजिन मोकळं फिरतं, चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन हाताला लागतं. अडलंय ते असं:

हँडल मारताना गाडी पुढे सरकते, म्हणजे सरळ हँडल मारणाऱ्याच्या गुडघ्यावर. हाताचा लीव्हर पूर्ण मागे ओढलेला असतानाही. ऑइल २०डब्ल्यू-५० घातलंय.

६ व्होल्टच्या बॅटरीवर चालू होते, बरी चालते. स्विच मॅग्नेटोकडे (इंजिनातच ठिणगीची वीज तयार करणारा भाग) फिरवला की दोन फटके मारून गप्प.

कार्ब्युरेटर गळतो. नीडल आणि सीट नवी बसवली तरी आठवड्याभरात पुन्हा थेंब थेंब सुरू.

जागेवर दहा मिनिटं चालवली की पाणी उकळतं. पंखा फिरतो, पट्टा ठीक आहे. वॉटर पंप कुठे बसवलाय तेच सापडत नाही.

शिवाय मालकांना ही गाडी साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढवायची आहे. चढेल का? आणि प्रदर्शनात शेजारी लावायच्या फलकाचा मसुदा आलाय, त्यात ‘जगातील पहिली मोटार’ असं लिहिलंय. ते चूक आहे एवढं कळतं. मग बरोबर काय लिहायचं?


घाटमाथा (सातारा)

वॉटर पंप सापडत नाही कारण तो नाहीच. पहिल्या साधारण अडीच हजार गाड्यांना पंप होता, १९०९ मध्ये तो काढून टाकला. नंतर सगळं थर्मोसायफनवर: गरम पाणी आपोआप वर, थंड खाली. उकळण्याबद्दल दुसरे कोणी लिहितील, मी हँडलचं घेतो.

आधी क्लच समजून घ्या. या गाडीत गिअरचा दांडा नाही. तीन पेडलं आहेत आणि त्यांचा आजच्या पेडलांशी काही संबंध नाही. डावं पूर्ण दाबलं की लो, अर्ध्यावर न्यूट्रल, सोडलं की हाय. मधलं रिव्हर्स. उजवं ब्रेक. तो ब्रेकही चाकांवर नाही, गिअरबॉक्समधल्या ड्रमवर आवळणारा पट्टा आहे. हाताचा लीव्हर मागे ओढला की दोन कामं होतात, हायचा क्लच सुटतो आणि मागच्या चाकांचे ब्रेक लागतात. मधोमध उभा ठेवला की फक्त क्लच सुटतो. पुढे ढकलला की हाय लागायला मोकळा.

क्लच म्हणजे पंचवीसेक पातळ चकत्यांची चळत, आणि ती इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेली. २०डब्ल्यू-५० गार असताना चकत्यांना गुळाच्या पाकासारखं चिकटवून ठेवतं. क्लच सुटलेला असूनही ओढ राहते. ते सगळं काढा आणि १०डब्ल्यू-३० घाला. एकूण चार क्वार्ट, म्हणजे ३.८ लिटरच्या आसपास. डिपस्टिक नाही. फ्लायव्हीलच्या घराला खाली दोन तोट्या आहेत, पातळी त्या दोन्हींच्या मधे हवी. वरची उघडल्यावर ऑइल धार धरून आलं तर जास्त झालंय, खालचीतून थेंबही आला नाही तर इंजिन सुरूच करू नका.

ऑइल बदलूनही ओढ राहिली तर लीव्हरच्या आडव्या शाफ्टवर एक कॅम आहे, तो एका सेट-स्क्रूला उचलून क्लच सोडवतो. शंभर वर्षांत स्क्रूचं टोक झिजलेलं असतं. लॉकनट सैल करून स्क्रू अर्धा अर्धा फेरा आत घ्या आणि प्रत्येक वेळी तपासा: मागची दोन्ही चाकं उचललेली, लीव्हर मधोमध, हँडल फिरवताना चाकं फार तर आळसावल्यासारखी हलावीत.

लीव्हर पूर्ण मागे असतानाही गाडी सरकते याचा दुसरा अर्थ मागच्या चाकांचे ब्रेक धरतच नाहीत. क्लचपेक्षा ते जास्त गंभीर आहे. दोन्ही ड्रम उघडा.

आता हँडल. स्टिअरिंगखाली दोन दांड्या आहेत, डावी स्पार्कची, उजवी पेट्रोलची. स्पार्कची दांडी पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा. हे विसरलात तर हँडल उलटं फटका मारतं आणि मनगट मोडतं. त्या काळी डॉक्टरांना या फ्रॅक्चरची चांगली ओळख होती. पेट्रोलची दांडी चार-पाच खाचा खाली. स्विच बंद ठेवून रेडिएटरखालची चोकची तार ओढा आणि दोन-तीन पाव फेरे द्या, पेट्रोल आत येतं. मग स्विच बॅटरीवर. हँडल डाव्या हाताने, अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीसारखा वळवून नाही. तळापासून वर असा एकच पाव फेरा ओढायचा. वरून खाली दाबत गोल गोल फिरवायचं नाही, ट्रॅक्टर नव्हे हा. इंजिन लागलं की लगेच स्पार्कची दांडी अर्ध्यावर खाली आणा.


कॉइलवाला

बॅटरीवर चालते म्हणजे टायमर (कुठल्या सिलिंडरला केव्हा ठिणगी ते ठरवणारा भाग) आणि वायरिंग निदान कामापुरतं ठीक आहे. दोष मॅग्नेटोत किंवा तिथून वीज बाहेर येते त्या टोकाशी.

रचना अशी: फ्लायव्हीलवर इंग्रजी व्हीच्या आकाराची १६ लोहचुंबकं आणि त्यांच्यासमोर न हलणाऱ्या थाळीवर १६ गुंडाळ्या. दोन्हींमधलं अंतर ०.०२५ ते ०.०४० इंच. वेगळा मॅग्नेटो विकत घ्यायचा आणि गिअर लावून फिरवायचा, हा खर्चच फोर्डने काढून टाकला. फ्लायव्हील तसंही फिरतंच आहे!

पण हे सगळं ऑइलमध्ये, आणि त्याच ऑइलमध्ये गिअरबॉक्सचे कापडी पट्टे झिजतात. त्यांची लव ऑइलबरोबर फिरत मॅग्नेटोच्या टोकाशी येऊन साचते. तिच्यात लोखंडाचा कीस अडकला की टोक सरळ बॉडीला शॉर्ट. तुमच्या गाडीत दहात आठ हिश्श्यांनी हेच असणार. गिअरबॉक्सच्या झाकणावर तीन स्क्रूंनी बसवलेला पितळी खांब आहे, तार त्यालाच जोडलेली असते. तो काढा, खालची स्प्रिंग आणि भोक चिंधीने पुसा, परत बसवा. दहा मिनिटांचं काम. स्क्रू मात्र आत पडू देऊ नका, नाहीतर इंजिन उतरवावं लागेल.

मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजा. जागेवर संथ चालताना ६ ते ८ व्होल्ट आणि रेस वाढवली की २० च्या वर, म्हणजे मॅग्नेटो जिवंत आहे. व्होल्ट मिळत नसतील तर क्रँक पुढेमागे ढकलून पाहा. मागच्या मेन बेअरिंगची कड झिजली की क्रँक सरकतो, चुंबकं थाळीपासून लांब जातात आणि वीज पडते. तो धंदा मोठा आहे.

एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. बॅटरीची तार चुकूनही या खांबाला लागता कामा नये. थाळीतून डीसी गेला की चुंबकं उतरतात. आधी कुणी ‘चार्जिंग करून बघू’ म्हणून लावली असेल तर तेही दोषाचं कारण असू शकतं.

लाकडी डबीतल्या चार कॉइल आता मधमाशीसारख्या गुणगुणत असतील, म्हणून चांगल्या समजू नका. आतले कागदी कंडेन्सर शंभर वर्षांनी मेलेलेच असतात. एका बाजूची फळी काढून डांबर हळूहळू उकरा आणि जुन्याच्या जागी ०.४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घाला. सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळेल. डांबरात केसासारख्या बारीक तारा आहेत, तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. मग पॉइंटचं अंतर ०.०३० इंच करा आणि प्रत्येक कॉइल १.३ अँपिअर ओढेल अशी पत्ती बसवा. चारही सारख्या ओढत नसतील तर इंजिन एका पायाने लंगडतं आणि लोक कार्ब्युरेटरला दोष देत बसतात. फायरिंग ऑर्डर १-२-४-३.

गाडी पुरात भिजली होती का? २०१९ च्या पाण्यात बुडाली असेल तर कॉइलची डबी नवीच करा. लाकूड ओल धरून ठेवतं आणि हाय टेन्शन वीज त्या ओलीतूनच पळते.


मिरजकर

कार्ब्युरेटर गळण्याचं कारण नीडल नाही, फ्लोट आहे, म्हणजे पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणारा तुकडा. जुना फ्लोट बुचाच्या लाकडाचा, वरून चपड्याचा हात दिलेला. आज पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो हे मिरजेतल्या कुठल्याही सतारमेकरला विचारा, त्यांचं पॉलिशच तसं होतं. तुमच्या फ्लोटचं पॉलिश पेट्रोलमध्ये उतरलंय, बूच पेट्रोल पिऊन जड झालंय, आणि फ्लोट वर येऊन नीडल बंदच करत नाहीये. काढून वजन करा, उन्हात दोन दिवस वाळवून पुन्हा करा. फरक दिसेल.

पितळी फ्लोट घाला, विषय संपला. नवीन चपडा लावू नका, पुन्हा आठवडाभरच टिकेल. फ्लोट बदलल्यावर मिक्श्चरची नीडल हलक्या हाताने पूर्ण बंद करून सव्वा फेरा उघडा, तिथून पुढे कानाने.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकीखालच्या गाळाच्या वाटीची तोटी दर वेळी सोडून पाहा, सुरुवातीला पाणीच येईल. आणि महागडं हाय ऑक्टेन घालून पैसे घालवू नका. कॉम्प्रेशन रेशो जेमतेम चार, तिला त्याचा काही उपयोग नाही.


जुनं लोखंड (पलूस)

फलकाचं मी सांगतो. ‘पहिली’ हा शब्दच नको.

पहिली मोटार म्हणून कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीचं नाव घेतात. पुढे इंजिन, मधे क्लच-गिअर, मागची चाकं ढकलणारी, ही मांडणी १८९१ मध्ये पॅनहार-लव्हासोरने बसवली. पोळ्यासारखा रेडिएटर १९०१ च्या मर्सिडीझचा. एकाच साच्यातल्या हजारो स्वस्त गाड्या ऑल्ड्समोबाईल कर्व्ह्ड डॅशने १९०१ पासून काढल्या, आणि तिच्यातही टीसारखा प्लॅनेटरी गिअरच होता (दाते कायम एकमेकांत, पट्टा आवळून गिअर बदलायचा). भाग एकमेकांना बसण्याची गोष्ट घ्या: १९०८ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सला तीन कॅडिलॅक खोलून, भाग मिसळून, पुन्हा जोडून ५०० मैल पळवल्या होत्या. सेल्फ-स्टार्टरही १९१२ च्या कॅडिलॅकचा.

मग टी कशाची? १ ऑक्टोबर १९०८ ला डेट्रॉइटच्या पिकेट अ‍ॅव्हेन्यू कारखान्यातून बाजारात आली. चाइल्ड हॅरल्ड विल्स, हंगेरीहून आलेला जोसेफ गलांब, मॅग्नेटोचा स्पायडर हफ अशा मोजक्या माणसांनी एका बंद खोलीत आखलेली. चार सिलिंडर एकाच ओतकामात, पावणेचार इंच बोअर, चार इंच स्ट्रोक, २.९ लिटर, २० हॉर्सपॉवर. आणि हेड वेगळं, बोल्टने सुटणारं. त्या वेळी बऱ्याच इंजिनांत सिलिंडर सुटे किंवा जोडीजोडीने ओतत आणि हेड त्यांच्या अंगचंच असे. व्हॉल्व्हवरची काजळी काढायची तर अख्खा सिलिंडर उपसायचा. टीमध्ये बोल्ट सोडले, हेड उचललं, पिस्टन डोळ्यांसमोर. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, इतकं ते पुढे सगळ्यांनी उचललं. अ‍ॅक्सल आणि स्प्रिंगांना व्हॅनेडियमचं पोलाद, त्यामुळे गाडी हलकी राहूनही मोडेना. पुढेमागे एकेकच आडवा पाटा आणि इंजिन तीन ठिकाणी टेकवलेलं, म्हणून एक चाक खड्ड्यात आणि एक ढेकळावर असलं तरी सांगाडा पिळवटत नाही. बैलगाडीच्या चाकोरीवर चालायला केलेली गाडी ती.

यातला एकेक भाग सुटा धरला तर कुणी ना कुणी आधी करून पाहिलेला सापडेल. टीचं वेगळेपण असं की ते सगळं शेतकऱ्याला परवडेल आणि गावच्या लोहाराला खोलता येईल अशा एका गाडीत आलं. योगायोग पाहा, फोर्डचा हायलँड पार्क कारखाना १९१० मध्ये सुरू झाला आणि आपली किर्लोस्करवाडीही १९१० चीच. इकडे लोखंडी नांगर घेणारा शेतकरी आणि तिकडे टी घेणारा शेतकरी, दोघांची अट एकच असणार: बिघडलं तर गावातच नीट झालं पाहिजे.

कारखान्याचं लिहायचं असेल तर मॅग्नेटोपासूनच लिहा, गंमत येईल. सरकती जोडणी गाडीपासून सुरूच झाली नाही. १ एप्रिल १९१३ ला हीच १६ चुंबकांची थाळी पहिल्यांदा ओळीत बसवायला घेतली. एक माणूस एक मॅग्नेटो वीस मिनिटांत करत असे, तो २९ जणांत वाटल्यावर १३ मिनिटं १० सेकंदांवर आला, आणि पुढे पाचावर. मग हाच प्रकार सांगाड्याला लावला, साडेबारा तासांचं काम १९१४ मध्ये ९३ मिनिटांवर. अर्थात दिवसभर एकच नट पिळायला माणसं टिकेनात, म्हणून जानेवारी १९१४ मध्ये रोज पाच डॉलर. फलकावर उदारपणा म्हणून लिहितात, त्यामागे हेही होतं.

काळ्या रंगाचंही जपून. फक्त काळा हे १९१४ ते १९२५ एवढंच खरं. सुरुवातीला लाल, हिरव्या, करड्या होत्या.

तुमची गाडी अमेरिकेची नसावी. इंग्रजी साम्राज्यातल्या देशांना टी पुरवायची ती कॅनडाच्या फोर्डने, उजव्या स्टिअरिंगची. अमेरिकन टूरिंगला पुढचं डावं दार नुसतं पत्र्यावर उठवलेलं, न उघडणारं असतं. खात्री करायची तर इंजिनच्या डाव्या अंगाला पाणी आत येतं त्याच्या वरचा नंबर पाहा, कॅनडाच्या नंबराआधी सी असतो. आणि बॉडीच्या लाकडातले स्क्रू बघा, डोक्यात चौकोनी खाच असेल तर ते रॉबर्टसन स्क्रू, कॅनडाची सही. तिथे साधा पेचकस घालून खाच बिघडवू नका.

मसुदा देतो, हवा तसा बदला:

‘फोर्ड मॉडेल टी, १९०८ ते १९२७. कॅनडात तयार झालेली उजव्या स्टिअरिंगची टूरिंग. २.९ लिटर, २० हॉर्सपॉवर, दोन पुढचे गिअर आणि रिव्हर्स. दीड कोटीहून जास्त तयार झाल्या. किंमत ८५० डॉलरपासून २६० डॉलरपर्यंत उतरली. सुटणारं हेड, फ्लायव्हीलमधला मॅग्नेटो आणि सरकत्या जोडणीमुळे मोटार सामान्य माणसाच्या दारात आली.’

८५० ही १९०८ च्या टूरिंगची किंमत आणि २६० ही १९२५ च्या सर्वांत स्वस्त, दोन माणसांच्या रनअबाउटची. काटेकोर वाचक हे बोट ठेवून दाखवतो, तेवढं जपा. दीड कोटीचा विक्रम फोक्सवॅगन बीटलने १७ फेब्रुवारी १९७२ ला मोडला.


पाना_बारा

थोडं पाणी ओततो. १९२४ ची गाडी नावीन्याची म्हणून दाखवणं मला पटत नाही. तोवर शेवरलेला तीन गिअर होते. हिला दोनच, पायाचा ब्रेक एकाही चाकावर नाही, पेट्रोल पंप नाही, वॉटर पंप नाही. स्वस्त होती म्हणून खपली.


जुनं लोखंड (पलूस)

१९२४ पुरतं बरोबर आहे. १९०८ ची मांडणी एकोणीस वर्षं ओढली, ही फोर्डची चूकच. म्हणून तर २६ मे १९२७ ला बंद करून डिसेंबरात मॉडेल ए आणावी लागली, आणि मधले महिने कारखाने थंड पडले होते. पण दोन गिअरांचं कारण कंजूषपणा नव्हतं. तेव्हाच्या सरकत्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश (दात्यांचे वेग आधी जुळवणारी सोय) नाही, नवख्याने गिअर टाकला की दाते कडकडायचे. प्लॅनेटरीत दाते कायम एकमेकांत, फक्त पट्टा आवळायचा. आयुष्यभर बैल हाकलेल्या माणसाला हे अर्ध्या दिवसात जमतं. आणि तिन्हीपैकी कुठलंही पेडल दाबलं तरी गाडी मंदावते, तेही त्याच्या फायद्याचं.


कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे आभार. खांबाखालून बोटभर कापडी लव निघाली. साफ केल्यावर मॅग्नेटोवर चालते, जागेवर ७ व्होल्ट. इंजिन नंबराआधी सी आहे. फ्लोट बुचाचाच, वाळवल्यावर वजन उतरलं. पितळी मागवलाय. १०डब्ल्यू-३० ने ओढ बरीच कमी झाली. उकळण्याचं मात्र तसंच.


घाटमाथा (सातारा)

उकळतं तेव्हा स्पार्कची दांडी कुठे असते? वरच राहिली असेल तर दुसरं काही शोधायलाच नको. ठिणगी उशिरा पडली की जळणं एक्झॉस्टमध्ये पुरं होतं, मॅनिफोल्ड अंधारात लाल दिसतो आणि पाणी दहा मिनिटांत उकळतं. इंजिन लागलं की दांडी खाली, चालवताना जवळपास तीन चतुर्थांश खाली. बाकी कानावर.

ते नसेल तर पाण्याची पातळी. थर्मोसायफनला वरच्या नळीच्या तोंडापर्यंत सलग पाणी लागतं. पातळी खाली गेली की फिरणं तुटतं. एकूण साधारण ११ लिटर बसतं. गळ्यापर्यंत भरलंत तर जास्तीचं बाहेर टाकून ती आपली पातळी धरते, दर वेळी भरत बसू नका.

तिसरं, रेडिएटर. गरम असताना (हात जपून) पुढून चाचपा. मधेच थंड पट्टे लागले तर नळ्या बुजल्यात. बोअरचं पाणी घालत असाल तर आधी बंद करा, क्षारांचा थर बसतो. पावसाचं किंवा डिस्टिल्ड वापरा. आणि नळ्यांभोवतीच्या पातळ पत्र्याच्या पाट्या नळ्यांना डाखलेल्या आहेत का ते पाहा. डाख सुटला की पाट्या नुसत्या शोभेच्या, उष्णता त्यांच्यात जातच नाही. बाजारात टीसाठी जोडायचा वॉटर पंप मिळतो, तो लावून हे दोष झाकू नका.


एक्सल

घाटाचं नाव काढलंत म्हणून लिहितोय. मागचा अ‍ॅक्सल उघडल्याशिवाय ही गाडी कुठल्याही उताराला लावू नका.

डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर आहेत, कारखान्यातून आले तेव्हा बॅबिटचे, म्हणजे बेअरिंगच्या मऊ मिश्रधातूचे. शंभर वर्षांनी बॅबिट बिस्किटासारखं भुरभुरतं. वॉशर फुटला की क्राउन व्हील बाजूला सरकतं, पिनिअनचे दाते सुटतात, आणि मग इंजिन फिरतं पण गाडी ओढत नाही. त्याहून वाईट म्हणजे पायाचा ब्रेक गिअरबॉक्सवर असल्यामुळे त्याच क्षणी तोही जातो. लो नाही, रिव्हर्स नाही, ब्रेक नाही. उरतो फक्त हाताचा लीव्हर, आणि तुमचा लीव्हर तर धरतच नाही म्हणता.

तपासणी: अ‍ॅक्सलचं ऑइल पांढऱ्या ताटात काढा. करडे, चमकणारे कण किंवा तुकडे दिसले तर निर्णय झाला. नाही दिसले तरी उघडा. ब्रॉंझचे वॉशर सांगली-मिरजेच्या एमआयडीसीत कुठलाही चांगला लेथवाला करून देईल, पण जाडी जुन्यावरून नको, तो झिजलेला आहे. क्राउन-पिनिअनचा बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) धरून जाडी ठरवा, आणि वॉशर फिरू नये म्हणून असलेल्या पिना जागेवर आहेत ना ते बघा. मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे जादा ब्रेक मिळतात, ते पायाच्या पेडलला जोडून घ्या. फलकावर ‘मूळ स्वरूपात’ लिहायला कमीपणा येईल, येऊ दे.

लाकडी चाकंही हलवून बघा. आपल्या उन्हाळ्यात आरे आकसतात आणि तुंब्याशी कटकट वाजतात. वरून पाणी मारून फुगवायचा उपाय मेळ्यापुरता, लाकूड आतून कुजतं. ३० बाय साडेतीनचे क्लिंचर टायर (हवेच्या दाबानेच रिमच्या कडेत अडकून राहणारे) असतील तर हवा ५५ ते ६० पौंड. आजच्या कारसारखी ३० ठेवलीत तर वळणावर टायर रिममधून निघून येतो.


घाटमाथा (सातारा)

आता यवतेश्वर. अ‍ॅक्सल झाला, ब्रेक झाले, असं धरून.

पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली, कार्ब्युरेटर इंजिनच्या बाजूला, आणि पेट्रोल येतं ते निव्वळ उतारावरून. चढावर नाक वर झालं की टाकी आणि कार्ब्युरेटर जवळपास एका पातळीत येतात. टाकी भरलेली असेल तर चालतं, तळाशी असेल तर इंजिन पेट्रोलवाचून मरतं. म्हणून तेव्हा लोक तीव्र चढ रिव्हर्समध्ये चढत. शिवाय रिव्हर्स लोपेक्षाही खालचा आहे, लोचं गुणोत्तर २.७५, रिव्हर्सचं ४. (१९२६-२७ च्या बहुतेक मॉडेलांत टाकी काचेपुढे वर नेली आणि हा तमाशा संपला.)

यवतेश्वरला हे करायची गरज पडू नये. साताऱ्यातून निघतानाच टाकी भरा, सरळ लोमध्ये चढा. डावं पेडल पूर्ण दाबूनच ठेवायचं, अर्धवट नाही. अर्धवट दाबलं की पट्टा घसरतो. कापडी पट्टे जळतात, आणि केव्हलारचे घातले असतील तर ते जळत नाहीत पण ड्रम खातात. अडचण ऑइलची. ते फ्लायव्हीलने उडवून नळीतून पुढे जातं आणि मागे वाहत येतं. लांब चढावर सगळं मागे साचतं, पुढच्या पहिल्या कनेक्टिंग रॉडला तहान लागते. म्हणून चढायच्या आधी ऑइल वरच्या तोटीपर्यंत, आणि मधे सपाट जागा मिळेल तिथे थांबून दोन मिनिटं इंजिन संथ चालू द्या. पाण्याचा कॅन बरोबर हवाच.

कागदांचंही आधी बघा. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए असलेला नंबर मिळतो. फी २० हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण पाच हजार. त्या नंबरावर गाडी रोजच्या वापराला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. जादा ब्रेक लावण्याआधी आरटीओत एकदा विचारून घ्या.


कृष्णाकाठ (सांगली)

आणि उतरताना? पायाच्या ब्रेकवर विसंबू नये एवढं कळलं.


घाटमाथा (सातारा)

वरून निघतानाच डावं पेडल पूर्ण खाली, लोमध्ये, पेट्रोलची दांडी बंद. वेग घेऊन मग लो शोधायचा नाही. पेडल दाबलेलं असताना हाताचा लीव्हर ओढला तरी लो सुटत नाही, त्यामुळे मागचे ब्रेक लीव्हरने थोडे थोडे लावत या. उजवं पेडल मधूनच, क्षणभर दाबून सोडायचं, म्हणजे पट्ट्याला ऑइल मिळतं. पाय अवघडेल, तेव्हा वळणाच्या आधी थांबून दगड लावा. चाकाखाली ठेवायला दोन मोठे लाकडी ठोकळे साताऱ्यातूनच घेऊन जा, वर गेल्यावर शोधायला लागू नका.